अटकेचे कारण आपल्या भाषेत

तंजावरच्या राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतील मराठी कागदपत्रे जतन केलेली आहेत. भोसले राजांच्या काळी दरबारचे दप्तर मराठीत लिहिले जाई. आज तेथील पोलीस ठाण्याचे कामकाज तमिळमध्ये चालते. तमिळ न जाणणाऱ्या मराठी प्रवाशाला तेथे अटक झाली, तर त्याने काय करावे?

राज्यघटनेच्या २२व्या कलमानुसार अटकेचे कारण जाणून घेण्याचा आणि वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते.

परंतु न समजणाऱ्या भाषेत सांगितलेले कारण हे न सांगितल्यासारखेच होय. ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत देण्यात आली होती व हिंदी भाषांतर नाकारले गेले होते. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती स्थानबद्धता बेकायदेशीर ठरवली. अटकेची कारणे त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत लेखी द्यावीत, असा निर्णय याच न्यायालयाने २०२५ मध्ये दिला.

म्हणून मजकूर समजल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नये. आपल्याला कोणती भाषा समजते, हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे. नातेवाइकांना कळवण्याची मागणी करावी. अटकेतील व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मदतीसाठी दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

विचार करा : कारण सांगणे आणि कारण समजणे यांत कोणता फरक आहे?