आपल्या हाताचे अक्षर
आगमनकाळासाठी घरगुती पाठ : भेटकार्डे, चांदणी आणि गव्हाणी



नाताळ जवळ आला की आपल्या घरांतून तीच धांदल सुरू होते. करंज्या, कलकल, पडदे धुणे, मुलांचे कपडे, गावी जायचे की नाही याची चर्चा. या धांदलीत शुभेच्छा देण्याचे काम आता मोबाईलवर आले आहे. एका बोटाने एकच चित्र दोनशे जणांना जाते. त्यात वाईट काही नाही. दूरदेशी असलेल्या मुलाला ते क्षणात मिळते. पण ते चित्र कोणी जपून ठेवत नाही, कारण ते कोणा एकासाठी केलेले नसते. म्हणून या पाठात आम्ही एक जुनीच गोष्ट सुचवीत आहोत : या आगमनकाळात प्रत्येक घराने निदान पाच भेटकार्डे स्वतःच्या हाताने करावीत.

पाठ चार भागांत आहे. आगमनाच्या प्रत्येक आठवड्याला एक भाग घेतला तरी चालेल.

१. नाव घेऊन नमस्कार

रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय घरी वाचून पाहा. त्यात उपदेश थोडा आणि नावे फार. संत पौल वीसहून अधिक माणसांना नाव घेऊन नमस्कार सांगतो आणि बहुतेकांच्या नावापुढे त्या माणसाची एखादी ओळखही जोडतो. हिने कष्ट केले, त्यांनी माझ्यासाठी जीव धोक्यात घातला, अमक्याची आई मलाही आईसारखी आहे. हे पत्र तर्तियस नावाच्या लेखनिकाने लिहून घेतले. तोही मध्येच आपला नमस्कार घालतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी आणि गलतीकरांस पत्राच्या शेवटी मात्र पौल लेखणी आपल्या हातात घेतो आणि हे अक्षर माझे आहे, असे मुद्दाम सांगतो.

भेटकार्डाचा सगळा अर्थ यात आला. नाव, एक आठवण आणि आपल्या हाताचे अक्षर. चमकी, रिबिनी, चित्रे हे सारे त्यानंतर.

नाताळचे छापील कार्ड तसे फार जुने नाही. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल या गृहस्थांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून पहिले कार्ड काढून घेतले. कारण अगदी आपल्यासारखेच होते : पत्रे खूप आणि वेळ कमी. म्हणजे छापील कार्ड जन्मले तेच वेळ वाचवण्यासाठी. आपण घरी कार्ड करतो ते उलट कारणासाठी, कोणासाठी तरी वेळ देण्यासाठी.

२. कागदाची ओळख

आपला महाराष्ट्र हातकागदाचा जुना प्रदेश आहे. जुन्नरचा आणि दौलताबादचा कागद पेशवाईच्या दप्तरांत वापरला गेला. दौलताबादजवळच्या कागजीपुरा गावाचे नावच या धंद्यावरून पडले. ताव वाळला की गुळगुळीत दगडाने घासून त्याला तकाकी आणत. त्यालाच कागद घोटणे म्हणत. आज मुले शाळेत ज्याला ‘घोटीव कागद’ म्हणतात, त्या शब्दात ती मेहनत शिल्लक आहे. गिरणीच्या कागदापुढे हा धंदा बसला, तेव्हा गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या चळवळीने त्याला पुन्हा उभे केले. पुण्याला शिवाजीनगर येथे 1940 साली हातकागद संस्था निघाली. असा कागद झाडे तोडून होत नाही. सुती कापडाच्या चिंध्या भिजवून, कुटून त्याचा लगदा करतात.

घरी मुलांना हे करून दाखवता येते. जुनी वह्यांची पाने बोटभर तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजवावीत. सकाळी भरपूर पाणी घालून थोडी थोडी मिक्सरमधून काढावीत. जुन्या फोटोफ्रेमच्या लाकडी चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ताणून खिळवावी. मोठ्या टबात पाणी घेऊन त्यात लगदा ढवळावा, चौकट आडवी बुडवून सपाट वर उचलावी आणि पाणी निथळू द्यावे. मग ती एका सुती फडक्यावर उलटी टाकून, पाठीमागून स्पंजने पाणी टिपून, हलकेच उचलावी. ताव फडक्यावर राहतो. वर दुसरे फडके घालून पोळपाट आणि वजन ठेवावे. पाणी गळून गेले की फडक्यासकट दोरीवर वाळत घालावे. लगद्यात कांद्याची साले किंवा झेंडूच्या पाकळ्या चुरून टाकल्या तर कागदाला सुंदर ठिपके येतात. पावसाळ्यात कल्याणच्या दमट हवेत हा कागद वाळता वाळत नाही. डिसेंबर त्याला उत्तम. उरलेला लगदा मोरीत ओतू नये, नळी तुंबते. गाळून कुंडीत टाकावा.

एवढा खटाटोप नको असेल तर प्रत्येक घरात चांगला कागद पडून असतो : लग्नपत्रिका. त्यांची कोरी बाजू जाड आणि टिकाऊ असते. पत्रिका शेजाऱ्यांची असेल आणि तिच्यावर त्यांच्या देवाचे चित्र असेल, तर तो भाग आदराने वेगळा काढून ठेवावा. कात्रीच्या कचऱ्यात, पायदळी येऊ देऊ नये. मुलांना हेही शिकवण्यासारखे आहे.

३. कार्ड करण्याची रीत

साहित्य : ए-फोर आकाराचे जाड कागद (180 ते 220 जीएसएमचे कार्डशीट), पट्टी, कात्री, शाई संपलेली रिफील, घोटीव व जिलेटिन कागदाचे तुकडे, खळ.

खळ घरी करावी. दोन चमचे मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळी न होता कालवावा आणि मंद आचेवर ढवळत शिजवावा. पारदर्शक दिसू लागला की उतरवावा. ही खळ दोन-तीन दिवसच टिकते, म्हणून लागेल तेवढीच करावी आणि झाकून ठेवावी. झुरळे तिच्यावर टपलेली असतात.

कृती : एक कागद मधोमध कापला की दोन तुकडे मिळतात. प्रत्येक तुकडा दुमडला की 105 गुणिले 148 मिलिमीटरचे कार्ड तयार होते. दुमडण्यापूर्वी कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या दिशेने त्याचे तंतू असतात. घडी तंतूंच्या बाजूने घातली तर सरळ बसते; आडवी घातली तर जाड कागद घडीवर फुटतो. घडीच्या जागी पट्टी धरून रिकाम्या रिफीलने रेघ ओढावी, मग दुमडावे आणि चमच्याच्या पाठीने दाबावे. दुकानातले कार्ड आणि घरचे कार्ड यांतला निम्मा फरक या एका रेघेत असतो.

पुढच्या बाजूसाठी तीन सोप्या कल्पना देतो.

लहान मुलांसाठी : पांढऱ्या रंगात अंगठा बुडवून निळ्या कागदावर ठसे उमटवावेत. ठसा वाळला की स्केचपेनने चार पाय, कान आणि डोळा काढावा. मेंढरांचा कळप तयार.

थोड्या मोठ्यांसाठी : पुढच्या पानात चांदणी कापून काढावी आणि आतून पिवळा जिलेटिन कागद चिकटवावा. कार्ड खिडकीत उभे केले की चांदणी उजळते.

मोठ्यांसाठी : कार्ड मिटलेले असताना घडीकडून 3 सेंटिमीटर लांबीच्या दोन समांतर चिरा, एकमेकींपासून 4 सेंटिमीटरवर द्याव्यात. मधली पट्टी मागेपुढे दुमडून घ्यावी, कार्ड उघडून ती आत ढकलावी. आत एक पायरी उभी राहते. तिच्यावर कागदाची गव्हाणी चिकटवली की कार्ड उघडताच ती पुढे येते. चिरांचे भोक झाकायला बाहेरून दुसरा कागद लावावा.

ज्या घरांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा होतो, त्यांच्याकडे भाताच्या लोंब्या उरलेल्या असतील. वाळलेली एक लोंबी दोऱ्याच्या दोन टाक्यांनी कार्डावर शिवावी. तिच्यापुढे कोणतीही चमकी फिकी पडते.

आता चांदणी आणि गव्हाणीविषयी थोडक्यात. चांदणीचा कंदील आणि शेजारच्या घरातला दिवाळीचा आकाशकंदील ही भावंडेच. दीड फुटाच्या दहा कामट्या घ्याव्यात. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधाव्यात, एकीवर दुसरी ठेवून पाचही टोके दोऱ्याने एकत्र आवळावीत. आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, तिथे चार इंचांचे पाच टेकू घालून दोन्ही चांदण्या एकमेकींपासून दूर ढकलाव्यात. वर पतंगाचा कागद लावावा. आत एलईडीचा छोटा दिवाच लावावा. जुना तापणारा बल्ब किंवा मेणबत्ती कागदाजवळ नको.

गव्हाणीसाठी पूर्वी थर्माकोल आणत. 2018 साली राज्य सरकारने प्लास्टिकबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी घातली, ते बरेच झाले. आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर 2021 साली कचरा टाकण्यासाठी बंद होईपर्यंत त्याच्या धुराचा वास आपल्यापैकी अनेकांनी घेतला आहे. नाताळनंतर फेकलेला आपला थर्माकोलही तिथेच जात होता. पुठ्ठ्याचे खोके, गोणपाट आणि मूठभर पेंढा पुरतो. सुमारे 15 डिसेंबरला एका ताटलीत ओल्या मातीवर नाचणी दाट पेरली तर नाताळपर्यंत गव्हाणीपुढे हिरवेगार कुरण उभे राहते. संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतील ग्रेचो गावी पहिली गव्हाणी मांडली, तेव्हाही जवळ होता तो चारा, बैल आणि गाढव एवढेच होते.

४. कोणाला पाठवायचे?

इथे आम्हाला आमचीच एक चूक सांगावीशी वाटते. काही वर्षांपूर्वी आम्ही घरी बसून तीस कार्डे करायला घेतली. त्यांतले एक आमच्या जुन्या चाळीतल्या आजोबांसाठी होते. ते एकटे राहत, रविवारी मिस्साला येत आणि मुलांना गोळ्या वाटत. मग पाय दुखू लागल्याने त्यांचे येणे थांबले होते. त्यांच्यासाठी कार्ड खास व्हावे म्हणून आम्ही ते शेवटी ठेवले. उघडणारी गव्हाणी करायची, तिच्यावर सोनेरी कागद लावायचा. सोनेरी कागद आणायचा राहिला, नाताळ आला, गेला. तीन राजांच्या सणापर्यंत देऊ म्हटले. नववर्षाच्या पहिल्याच आठवड्यात आजोबा गेल्याचा निरोप आला. अर्धवट कार्ड खणात तसेच होते. आत एक अक्षरही लिहिलेले नव्हते.

शेवटच्या दर्शनाला गेलो तेव्हा त्यांच्या खोलीत भिंतीवर खिळ्याला अडकवलेला एक कागद दिसला. धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलीने कधीतरी वहीच्या पानावर वेडेवाकडे गाढव काढून त्यांना दिले होते. खाली त्यांचे नाव होते, तेही चुकीचे लिहिलेले. कागद पिवळा पडला होता, पण त्यांनी तो काढला नव्हता.

त्या दिवसापासून आमच्या घरी नियम आहे : आधी आतला मजकूर लिहायचा, सजावट नंतर. सजावट राहिली तरी कार्ड जाते. मजकूर राहिला तर काहीच जात नाही.

मजकूर तरी काय लिहावा? चार गोष्टी पुरेत. त्यांचे नाव, जसे तुम्ही हाक मारता तसे. त्यांच्याविषयीची एक खरी आठवण. तुम्ही कोणत्या दिवशी भेटायला येणार, ती तारीख. आणि घरातल्या प्रत्येकाची सही, लहानग्याचा अंगठाही चालेल. तारीख लिहिली की जाणे आलेच, हा त्यातला फायदा.

पाच कार्डांची यादी आम्ही अशी सुचवतो. एक, ज्यांना आजारपणामुळे घरीच पवित्र कम्युनियन दिला जातो अशा व्यक्तीला. दोन, या वर्षी ज्या घरी माणूस गेले त्या घराला. तिथे ‘आनंदी नाताळ’ असे न लिहिता गेलेल्या माणसाचे नाव लिहावे. तीन, ज्यांच्याशी बोलणे बंद आहे अशा नातेवाइकाला. चार, इमारतीचा वॉचमन किंवा घरकामाला येणारी बाई, जे सण असूनही आपल्यासाठी राबतात. पाच, दिवाळीला आपल्याकडे फराळाचे ताट पाठवणाऱ्या शेजाऱ्यांना.

तिसरे कार्ड सर्वांत कठीण, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यात झाल्या गोष्टींचा हिशोब लिहू नये. लहानपणीची एक आठवण आणि सही एवढेच असावे. उत्तर येईलच असे नाही. कार्ड पोस्टात टाकणे एवढे आपल्या हातात आहे.

घरी बोलण्यासाठी प्रश्न

१. आपल्या घरात जपून ठेवलेले जुने पत्र किंवा कार्ड आहे का? ते का जपले?
२. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायासारखी आपल्या कुटुंबाची नावांची यादी केली, तर त्यात कोण येईल? प्रत्येकापुढे आपण कोणती ओळख लिहू?
३. गेल्या वर्षभरात मिस्साला दिसेनासे झालेले कोण आहेत? त्यांचा पत्ता आपल्याला माहीत आहे का?

या आठवड्याची कृती

आज दुपारी जेवण झाल्यावर टीव्ही लावण्यापूर्वी पाच नावे एका कागदावर लिहा. पहिल्या नावासाठी आजच एक कागद दुमडा आणि आतला मजकूर लिहून टाका. सोनेरी कागद उद्या आणता येईल.