चौरंगावरचे सात मासे

(मुक्ता पुण्यात फर्निचर डिझाइन शिकते. अभ्यासक्रमासाठी ती एक शोभेचा चौरंग करते आहे आणि अर्धं काम झालेलं असताना तो घेऊन सावंतवाडीला मामाकडे आली आहे. मामा कातारी. लेथ आणि लाख यांतच त्याचं आयुष्य गेलं. चौरंगाचे पाय कातून लाखेने रंगवलेले आहेत, वरच्या फळीवर गंजिफातली, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांवरची, चित्रं आहेत, आणि त्या चित्रांमधून एक बारीक तडा गेला आहे.)

मामा : पाय बरे झालेत. हा एक सोडून. इथे लाख ठिपक्याठिपक्यांनी का बसली?

मुक्ता : मी लाखेची कांडी दाबून धरली होती.

मामा : दाबून काय होतंय! लाकूड फिरतं, कांडी त्याला घासते, त्या घासण्याने ऊब निर्माण होते आणि तेवढ्या उबेवर लाख वितळून लाकडाला धरते. लेथ हळू असेल तर नुसता भुगा पडतो. वेग फार झाला, तर लाख उडते आणि जळका वास सुटतो. मग केवड्याचं पान, काटे काढलेलं. पानाने ती सगळीकडे सारखी पसरते आणि चमकही तिथेच येते. नंतर वेगळं पॉलिश लागत नाही.

मुक्ता : हो, ते आलं लक्षात. मामा, मला वरच्या फळीबद्दल विचारायचंय.

मामा : विचारशील गो. आधी सांग, पायावर हे कंगोरे कुठून आणलेस?

मुक्ता : कुठून म्हणजे? पटाशी जिथे आत गेली तिथे गळा पडला, जिथे बाहेर राहिली तिथे गोळा.

मामा : हां. म्हणजे नक्षी हत्याराने दिली. वरून चिकटवली नाहीस.

मुक्ता : पण आमच्याकडे नक्षी म्हटलं की नाकं मुरडतात. पहिल्याच वर्षी ईम्स दांपत्याचा अहवाल वाचायला देतात. चार्ल्स आणि रे ईम्स, 1958 सालचा. त्यावरून पुढे 1961मध्ये अहमदाबादची डिझाइन संस्था निघाली. त्यात लोट्याचं कौतुक आहे. पाणी भरायला, डोक्यावर न्यायला, ओतायला, घासायला, सगळ्याला बरोबर. लोटा दाखवून झाला की माझ्यासारखीने चौरंगावर मासे रंगवायचे म्हणजे जरा लाजच वाटते.

मामा : लोटा कुणी केला असं म्हणालेत ते?

मुक्ता : एका माणसाने नाही. पिढ्यान्‌पिढ्या अनेक हातांनी तो घडत गेला, असं.

मामा : बघ! आमच्याकडे एकदा शहरातून मंडळी आली होती कारागिरांना डिझाइन शिकवायला. तीन दिवस भिंतीवर चित्रं दाखवली. लोटाही होता त्यात. चौथ्या दिवशी माझ्याकडून नमुने करून घेतले आणि गेले. पुढे तेच नमुने एका दुकानात दिसले, नाव भलत्याचंच. पैशांचं तर विचारूच नको. दुकानदाराचं नेहमीचं ठरलेलं, माल आत्ता, पैसे सीझन संपल्यावर. आणि सीझन कधी संपतो ते त्यालाच ठाऊक.

मुक्ता : मामा, माझी अडचण नेमकी हीच आहे. काम तपासणारी जुरी विचारणार, “यात तुझं काय?” पाय तुझ्याकडून शिकले. चित्रं गंजिफाची. मग माझं काय?

मामा : लोट्याला विचारतात का हा प्रश्न?

मुक्ता : लोट्याला गुण द्यायचे नसतात.

मामा : (हसत) ते खरं. बरं, फळी दाखव. आंब्याची ना? खालून आडव्या पट्ट्या डिंकाने पक्क्या बसवल्यास?

मुक्ता : वाकू नये म्हणून.

मामा : म्हणूनच फुटली. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. फूटभर रुंदीची फळी पावसाळ्यात दोन-तीन मिलिमीटर सहज फुगते, उन्हाळ्यात तितकीच आक्रसते. तू तिला खालून जखडलीस. मग ती जोडावर फाटणार नाही तर काय करणार? पट्टीला लांबट भोकं पाड, त्यातून स्क्रू घाल. डिंक नको. फळीला सरकायला जागा राहू दे.

मुक्ता : म्हणजे चित्रं खरवडायची?

मामा : खरवडायचीच. रंगाखाली काय आहे? नुसती खडूची पूड नि डिंक? जुन्या गंजिफा कशा करायचे ते बघ. कापड घ्यायचं, चिंचोक्याच्या खळीने ताठ करायचं, त्यावर खडूचा थर, घोटून गुळगुळीत, मग रंग, वर लाख. चौरंगालाही तेच कर. फळीवर मलमल खळीने चिकटव. बारीक हालचाल कापड सोसतं. खळीत किंचित मोरचूद घाल, नाही तर कसर लागेल. आणि नंतर हात धू, विषारी असतो तो.

मुक्ता : प्लाय वापरला असता तर हे सगळं टळलं असतं.

(इथे प्लायवुडबद्दल बरंच बोलणं झालं, गोव्याच्या वाटेवरच्या दुकानांत प्लायवर छापील गंजिफा चिकटवून विकतात त्याबद्दलही. प्लाय हलत नाही, हे मात्र मामाने शेवटी मान्य केलं. नाखुशीने.)

मुक्ता : बरं, कापड. पण पुन्हा तेच काढायचं तर पुन्हा तोच प्रश्न. माझं काय?

मामा : हे काय काढलंयस ते तरी माहीत आहे का? सात मासे.

मुक्ता : मोटिफ आहे. मत्स्यावताराचा.

मामा : मोटिफ! अगो, ही मत्स्याची सत्ती आहे. दशावतारी गंजिफात दहा रंग, प्रत्येकात बारा पानं. राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकशेवीस पानं, तिघांत चाळीस-चाळीस. हातात गोल पानांचा गठ्ठा धरलेला असतो, त्यातून रंग नि आकडा पटकन ओळखता यावा म्हणून प्रत्येक रंगाची जमीन वेगळी आणि खुणा मोजता येतील अशा मांडलेल्या. ती शोभा नाही, वाचायची गोष्ट आहे. तू वाचायची गोष्ट घेतलीस आणि तिचं न वाचायचं चित्र केलंस.

मुक्ता : ...खेळतं कोण आता?

मामा : थोडेच. इथल्या राजवाड्यात चित्रं काढतात, लोक घरी नेऊन भिंतीवर लावतात. भिंतीवर गेलेल्या पानाला मासे सहा काय नि सात काय. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवींनी ही कला जिवंत ठेवली म्हणून चितारी निदान काढताहेत तरी. पण खेळ गेला की आकडा जातो. आणि खेळ सोपा नाही. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन या पाचांत राजा-प्रधानाखाली दश्शी मोठी. पुढच्या पाचांत उलटं, एक्का मोठा. नवशिके इथेच अडतात. दिवसा खेळलात तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री कृष्णाचा.

मुक्ता : थांब. कोणत्या पाचांत उलटं?

मामा : परशुरामापासून कल्कीपर्यंत.

मुक्ता : आणि खेळतात कुठे? जमिनीवर?

मामा : मधे कापड पसरून. का?

मुक्ता : मग माझ्या चौरंगाभोवती तिघं बसू शकतात. मधला भाग एका रंगाचा, मोकळा, पानं टाकायला. चित्रं फक्त काठाने. दहा खुणा, प्रत्येक आपापल्या जमिनीवर, पहिल्या पाच एका बाजूला, उरलेल्या पाच समोर. आणि प्रत्येक खुणेपुढे ठिपक्यांची ओळ. कुठे लहानापासून मोठी होत जाणारी, कुठे मोठ्यापासून लहान. कोणता रंग सुलटा, कोणता उलटा, ते विसरलं की काठाकडे बघायचं.

मामा : रामाजवळ सूर्य काढ, कृष्णाजवळ चंद्र. उतारी कुणाची ते कळेल.

मुक्ता : आणि गोल पानं घसरू नयेत म्हणून चारी बाजूंना बोटभर उंच पट्टी. लाखेची, पायांच्याच रंगाची.

मामा : लाखेची कशी करशील? चपटी पट्टी लेथवर फिरते होय?

मुक्ता : मग गोल दांडी कातून, रंगवून, तळ थोडा तासून बसवीन.

मामा : हं. जमेल. आता मासा किती काढणार?

मुक्ता : एकच. खूण म्हणून. सात काढले तर कुणी तरी सत्ती समजेल.

मामा : समजायलाच हवं. जुरीत कुणाला कळेल का हे?

मुक्ता : जुरीला मी डावच मांडून दाखवीन. तुझ्याकडची जुनी गंजिफा देशील?

मामा : देईन, पण त्यावर चहाचे कप नकोत. चौरंगावरही नकोत, लाखेला गरम कप सोसत नाही. आणि ती दांडी कशी बसवणार आहेस?

मुक्ता : डिंकाने. चारी बाजूंना.

मामा : पुन्हा तेच! लाकडाच्या रेषेला समांतर जाणाऱ्या दोन बाजूंना लाव हवा तेवढा डिंक. आडव्या दोन बाजूंना फक्त मधोमध एक खिळा. नाही तर फळी पुन्हा जखडशील. आणि आज रात्री चिंचोके भिजत टाक. उद्या सालं काढून शिजवायचे आहेत.