मॉनिटर घेताना आधी टेबल मोजा

हॉस्टेलवर कुणी मॉनिटर घ्यायचा म्हटला की पहिला प्रश्न ठरलेला : "किती इंची घेतोस?" दुकानदारही इंचावरच भाव सांगतो. पण हे इंच म्हणजे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप, एवढंच. त्यावर किती मजकूर मावेल आणि तो किती स्वच्छ दिसेल, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. घरून मिळालेले पैसे एकदाच खर्च होणार आणि पुढची तीन-चार वर्षं रोज तासन्‌तास त्याच पडद्याकडे बघायचं. तेव्हा दुकानात जाण्याआधी थोडं गणित करूया. दहावीचं पायथागोरस पुरेसं आहे.

१. खरा आकडा : एका इंचात पिक्सेल किती?

पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं. हे ठिपके म्हणजे पिक्सेल. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की कर्णावरचे पिक्सेल मिळतात : सुमारे २२०३. त्याला इंचांनी भागलं की दर इंची पिक्सेल, म्हणजेच पिक्सेलची घनता मिळते. नेहमी दिसणारे आकडे असे :

२१.५ इंची फुल एचडी : सुमारे १०२
२४ इंची फुल एचडी : सुमारे ९२
२७ इंची फुल एचडी : सुमारे ८२
२७ इंची, २५६० × १४४० : सुमारे १०९
३२ इंची, २५६० × १४४० : सुमारे ९२
२७ इंची फोर-के, म्हणजे ३८४० × २१६० : सुमारे १६३

आता गंमत बघा. २४ आणि २७ इंची फुल एचडी या दोन्हींत पिक्सेल तेवढेच, २०,७३,६००. क्षेत्रफळ सुमारे २७ टक्के वाढलं, पण एक्सेलचा एक रकानाही जास्त दिसणार नाही. फक्त प्रत्येक ठिपका मोठा झाला. म्हणजे जादा पैसे दिले ते काम वाढवायला नव्हे, ठिपके फुगवायला. पलंगावरून मॅच बघायची असेल तर हे चालेल. टेबलाशी बसून प्रोग्राम लिहायचा असेल तर नाही.

२. डोळा आणि टेबल

निकोप डोळ्याला साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन ओळखता येतो. हिशेब केला तर ठिपक्याच्या आकाराच्या सुमारे ३४४० पट अंतरावर गेल्यावर तो वेगळा दिसेनासा होतो. २४ इंची फुल एचडीचा ठिपका ०.२७७ मिलिमीटर, म्हणजे हे अंतर ९५ सेंटिमीटर. २७ इंची फुल एचडीसाठी ते १०७ सेंटिमीटर, तर २७ इंची २५६० × १४४० साठी ८०.

आता आपापल्या खोलीतलं टेबल आठवा. भिंतीला टेकवलेलं, मागे मॉनिटरचा स्टँड, पुढे कीबोर्ड, कडेला पुस्तकांची चळत. मोजपट्टी घ्या आणि पडदा जिथे येईल तिथपासून डोळ्यापर्यंतचं अंतर मोजा. बहुतेकांचं ५० ते ६५ सेंटिमीटर भरेल. म्हणजे फुल एचडीचे ठिपके आपल्याला थोडेफार दिसणारच. पण ९२ घनतेला ते खपून जातं, ८२ ला खुपायला लागतं. शिवाय २७ इंची पडदा सुमारे ६० सेंटिमीटर रुंद असतो. तेवढ्याच अंतरावर बसलात तर या टोकापासून त्या टोकाला बघताना मान फिरवावी लागते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली हवी. स्टँड खाली-वर होत नसेल तर जाडजूड पुस्तकं आहेतच!

३. मराठीची कसोटी

इंग्रजीत जे खपतं ते मराठीत खपत नाही. "विद्यार्थ्यांनी" हा आपला रोजचा शब्द घ्या. त्यातल्या "र्थ्यां" मध्ये जोडाक्षर, काना, शिरोरेषा आणि तिच्या वर रफार नि अनुस्वार शेजारी शेजारी. "मूर्तींचे" मध्ये वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघेही एकाच ठिकाणी दाटीने बसलेले. "कृ" नि "ट्रू" मध्ये खालीही गर्दी. बारा पॉइंटच्या अक्षराला विंडोज नेहमीच्या मापात १६ पिक्सेलची उंची देतं. त्यातून शिरोरेषेच्या वर उरतात मोजके तीन-चार. तेवढ्यात हे सगळं बसवायचं! ठिपके मोठे असतील तर रफार आणि अनुस्वार मिळून एक डाग दिसतो.

ही अडचण जुनीच आहे. डॉसच्या काळात व्हीजीए पडद्यावर प्रत्येक अक्षराला ९ × १६ ठिपक्यांची ठराविक चौकट असे. तीत ए, बी, सी मावत, देवनागरी मावत नसे. म्हणून आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेलं जिस्ट तंत्रज्ञान आलं. त्याचं वेगळं कार्ड संगणकात बसवल्यावर भारतीय लिप्या दिसत. पुढे विंडोज २००० बरोबर "मंगल" हा फाँट आला. तो घडवला सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. फाँट कितीही चांगला असला तरी त्याला ठिपके पुरवायचं काम मॉनिटरचं.

म्हणून युक्ती साधी. दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर मराठी मजकुराचं एक पान न्या, बारा पॉइंटमध्ये उघडा आणि घरच्या टेबलाएवढ्या अंतरावर बसून वाचा. मराठी नीट वाचता आली तर इंग्रजीची काळजी नको.

४. ड्रॉइंगवाल्यांसाठी

२४ इंची पडदा सुमारे ५३ × २९.९ सेंटिमीटरचा असतो. ए-थ्री कागद ४२ × २९.७. म्हणजे ए-थ्री ड्रॉइंग, किंवा शेजारी शेजारी दोन उभे ए-फोर कागद, खऱ्या मापात जवळजवळ बरोबर मावतात. २१.५ इंचीची उंची २६.८ सेंटिमीटरच, तिथे कागद कापला जातो.

पण मापात मावणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. मलकापूरची मीटरवर चालणारी चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना सिव्हिलच्या पोरांना ठाऊक आहेच. अशा पाइपच्या जाळ्याचा नकाशा पूर्ण उघडला की तिरक्या रेषांना पायऱ्या पडतात आणि पाइपांचे व्यास वाचायला सारखं झूम करावं लागतं. असं काम रोजचं असेल तर २७ इंचीत २५६० × १४४० घ्या. फुल एचडीच्या पावणेदोन पट पिक्सेल मिळतात.

५. अक्षर बारीक दिसतंय? रिझोल्यूशन कमी करू नका

जुन्या सीआरटी मॉनिटरवर रिझोल्यूशन बदललं तरी फारसं बिघडत नसे. एलसीडीचे ठिपके मात्र कारखान्यातच पक्के झालेले असतात. १९२० च्या पडद्यावर १३६६ लावलं की एका ठिपक्याचं काम दीड ठिपक्यात वाटावं लागतं आणि सगळं धूसर होतं. रिझोल्यूशन मूळचंच ठेवा आणि सेटिंगमध्ये स्केल १२५ किंवा १५० टक्के करा. २७ इंची फोर-के १५० टक्क्यांवर ठेवला तर जागा २५६० × १४४० एवढीच मिळते, पण अक्षरं छापल्यासारखी दिसतात.

६. केबल आणि पोर्ट

पैसे देण्याआधी आपल्या संगणकाचं पोर्ट बघा. पंधरा पिनांच्या व्हीजीएवर चित्र थोडं मऊ येतं. जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ असेल तर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं आणि माउस अडखळल्यासारखा वाटतो.

तर मग घ्यायचा कोणता?

अंतर ६० सेंटिमीटरच्या आत, पैसे बेताचे : २१.५ ते २४ इंची फुल एचडी. टेबल खोल, काम ड्रॉइंगचं किंवा दोन खिडक्या शेजारी उघडून करायचं : २७ इंची, पण २५६० × १४४०. वाचन-लेखन खूप आणि खिसा भरलेला : २७ इंची फोर-के. आणि २७ इंची फुल एचडी "स्वस्तात मोठा" म्हणून कुणी पुढे केला, तर भागाकार करून ८२ हा आकडा त्याला दाखवा.

मॉनिटर बदलता येतो, डोळे बदलता येत नाहीत. तेव्हा मोजपट्टी आधी, पाकीट नंतर!