हिऱ्याच्या दागिन्याचे छायाचित्र : कॅमेरा कसा निवडावा ?

बडोद्याच्या मराठी मंडळींना हिऱ्याची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. ब्राझीलमध्ये १८५३ साली सापडलेला आणि पैलू पाडल्यावर १२८.४८ कॅरेट भरलेला 'स्टार ऑफ द साउथ' हा हिरा पुढे गायकवाडांच्या जवाहिरखान्यात आला. येथून जवळच्या सुरतेत तर आज जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात. राजघराण्याच्या रत्नांची वर्णने ग्रंथांत नमूद आहेत. परंतु आपल्या आजीच्या हिऱ्याच्या कुड्या, आईची अंगठी, सुनेच्या बांगड्या यांची नोंद कोठे आहे ? बहुतेक घरांत ती फक्त एखाद्या वृद्ध स्त्रीच्या स्मरणात असते. ती गेली की नोंदही गेली.

हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हे. दागिना डागडुजीला जातो, मोडून नवा घडविला जातो, लॉकरमध्ये वर्षानुवर्षे राहतो, आणि एके दिवशी भावंडांत वाटला जातो. स्त्रीधन म्हणा वा मेहेर म्हणा, अडीअडचणीला स्त्रीचा तोच आधार असतो. अशा वेळी "खडे नऊ होते की सात ?" असा वाद निघाला, तर शब्दाविरुद्ध शब्द उभा राहतो आणि नाती दुरावतात. नव्या सोन्याच्या दागिन्यावर आता सहा अक्षर-अंकी हॉलमार्क क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून तो विक्रीसाठी आवश्यक झाला. परंतु आजीच्या काळातील दागिन्यावर तो कोठून असणार ? कुंदन, पोलकी व जडाव यांना तर या सक्तीतून वगळलेच आहे. म्हणूनच जुन्या दागिन्याचे स्वच्छ छायाचित्र हीच त्याची खरी ओळखपत्रिका होय. ते कोणत्या साधनाने घ्यावे, याचा विचार आपण पाठाच्या क्रमाने करू.

१. प्रथम माप, मग कॅमेरा

दुकानदार मेगापिक्सेलचा आकडा सांगतो. आपण मात्र वेगळा प्रश्न विचारावा : वस्तू केवढी आणि कॅमेऱ्यातील संवेदक, म्हणजे सेन्सर, केवढा ? 'फुल फ्रेम' सेन्सर ३६ × २४ मिलिमीटर असतो. 'एपीएस-सी' या मध्यम जातीचा सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटर. सेन्सरवर पडणारी प्रतिमा वस्तूएवढीच असेल तर त्यास १:१, निम्मी असेल तर १:२ म्हणतात.

आता उदाहरण घेऊ. एपीएस-सी कॅमेऱ्यात १:२ या प्रमाणाने ४७ × ३१ मिलिमीटरचे क्षेत्र मावते. कुडी किंवा अंगठी यात सभोवार मोकळी जागा ठेवून सहज बसते. २४ मेगापिक्सेलच्या चित्रात आडव्या सुमारे ६००० बिंदू असतात. म्हणजे दर मिलिमीटरला सुमारे १२८ बिंदू आले. दोन मिलिमीटरच्या बारीक खड्यालाही अडीचशे बिंदू लाभले. घरच्या नोंदीस हे पुरेसे आहे. १:१ ची गरज पडते ती एकच खडा न्याहाळताना. एक कॅरेटचा गोल हिरा सुमारे ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. गळ्यातील हाराला तर मॅक्रो भिंगाची आवश्यकताच नाही. तात्पर्य, मेगापिक्सेलच्या शर्यतीत पैसा घालवू नये.

२. भिंग आणि अंतर

जवळून चित्र घेण्यासाठी घडविलेल्या भिंगास मॅक्रो लेन्स म्हणतात. ५० ते ६० मिलिमीटरची घ्यावी की ९० ते १०५ ची ? पदार्थविज्ञानातील साधा नियम लावला तर १:१ प्रमाणात वस्तू भिंगापासून नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर येते : ५० च्या भिंगास १० सेंटिमीटर, १०० च्या भिंगास २०. प्रत्यक्षात भिंगाच्या रचनेनुसार यात फरक पडतो, पण मर्म तेच. अंतर जास्त असेल तर दागिन्यावर प्रकाश पाडण्यास जागा मिळते आणि कॅमेऱ्याची काळी सावली हिऱ्यात उतरत नाही. म्हणून ९० ते १०५ चे भिंग श्रेयस्कर.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांनी ५० च्या साध्या भिंगामागे २५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब लावावी. ती म्हणजे आत काच नसलेली पोकळ नळी. २५ भागिले ५० म्हणजे निम्मे. बरोबर १:२ चे प्रमाण मिळते.

३. स्पष्टतेची खोली

जवळ जावे तसा स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. एपीएस-सी कॅमेऱ्यात एफ/८ छिद्रावर १:२ प्रमाणात तो सुमारे दोन मिलिमीटर, आणि १:१ ला जेमतेम ०.६ मिलिमीटर ! छिद्र फार लहान केले तर विवर्तनामुळे सारेच चित्र मऊ पडते; १:१ ला एफ/१६ हे छिद्र परिणामाने एफ/३२ सारखे वागते. सबब एफ/८ ते एफ/११ मध्ये राहावे. मागचा-पुढचा भाग स्पष्ट हवा असेल तर फोकस किंचित सरकवीत अनेक चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र करावीत. यास फोकस स्टॅकिंग म्हणतात.

यावरून कॅमेऱ्यात काय पाहावे ते ठरते : भिंग बदलता यावे; पडद्यावर प्रतिमा मोठी करून हाताने फोकस साधता यावा; छिद्र व वेळ आपण ठरवू शकावे; दोन सेकंदांचा टायमर असावा; आणि 'रॉ' स्वरूपात चित्र साठविता यावे. दागिना काही पळून जात नाही. म्हणून वेगवान फोकस व सेकंदाला वीस चित्रे यांसाठी जादा पैसे मोजणे व्यर्थ. दहा वर्षांपूर्वीचा, वापरलेला पण निर्दोष कॅमेराही येथे उत्तम काम देतो.

४. हिरा हा आरसा आहे

हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२ आणि क्रांतिक कोन सुमारे २४.४ अंश असतो. त्यामुळे आत शिरलेला प्रकाश पुनःपुन्हा परावर्तित होऊन वरच बाहेर येतो. अर्थात हिऱ्यात दिसते ती सभोवतालची खोली. चोहीकडे केवळ पांढरा मऊ प्रकाश ठेवला तर हिरा निस्तेज काचेसारखा दिसतो. ट्रेसिंग पेपरमधून गाळलेला मऊ प्रकाश सोन्यासाठी, एक छोटा उघडा दिवा चमकेसाठी, आणि बाजूस काळ्या कागदाची पट्टी पैलूंच्या कडा उठून दिसण्यासाठी, असे त्रिकूट जमवावे. खिडकीचा उजेड व पिवळा दिवा एकत्र करू नये. रंग फसवे येतात.

५. मग फोन का नको ?

नको असे आम्ही म्हणत नाही. काहीच नसण्यापेक्षा फोनचे चित्र शतपटीने बरे. परंतु बहुतेक फोनचा मॅक्रो प्रकार विशालकोनी भिंग वापरतो आणि दागिन्याला जवळजवळ चिकटतो. मग अंगठीचे तोंड फुगलेले दिसते व फोनची सावली पडते. त्यापेक्षा फोन स्टँडवर ठेवावा, थोडे मागे यावे व दोनपट किंवा दूरचे भिंग वापरावे.

६. खर्चाचा क्रम व नोंदीची पद्धत

प्रथम भिंग, नंतर बळकट तिपाई, नंतर दिवे, आणि सर्वांत शेवटी कॅमेऱ्याचा सांगाडा, असा खर्चाचा क्रम असावा. दुकानात जाताना खिशात मिलिमीटरची पट्टी न्यावी व तिचे चित्र घ्यावे. २३.५ मिलिमीटरच्या सेन्सरवर पट्टीचे ४७ मिलिमीटर दिसले तर १:२ खरे. अधिक दिसले तर तेवढे प्रमाण त्या साधनात नाही. जाहिरातीपेक्षा ही पट्टी प्रामाणिक आहे.

प्रत्येक दागिन्याची चार चित्रे घ्यावीत : समोरून, मागून, बाजूने, आणि खूण किंवा हॉलमार्क असेल तेथून. एका चित्रात पट्टी ठेवावी. सोबत वजन, खड्यांची संख्या, तारीख व दागिना कोणाकडून आला ते लिहावे. प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. समाजमाध्यमांवर मात्र त्या कदापि घालू नयेत.

एक मर्यादा ध्यानी असू द्यावी. छायाचित्र आकार, घडण व खड्यांची जागा सांगते. हिरा खाणीतील की प्रयोगशाळेत वाढविलेला, हे ते सांगू शकत नाही. ते काम रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेचे.

शेवटी वाचकांस एक गृहपाठ देतो. घरातील सर्वांत वडील स्त्रीजवळ बसावे, एक-एक दागिना पुढे ठेवावा आणि ती सांगेल ते चित्राखाली लिहून घ्यावे. कॅमेरा पुढच्या वर्षीही विकत मिळेल. ते सांगणे मिळेलच असे नाही.