परदेशातून एमबीबीएस करून परतताय? खर्च महिन्यांत मोजा

माझा भाचा किर्गिझस्तानातल्या बिश्केकहून एमबीबीएस करून नांदेडला परतला, त्या आठवड्यात बहिणीनं दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर 'परीक्षा फी ६,१९५' एवढंच लिहिलं. मोठा खर्च उरकला, असं तिला वाटत होतं. सहा वर्षांची फी भरून झाली होती, बँकेचं कर्ज अंगावर होतं; आता एक परीक्षा, मग इथल्या मेडिकल कॉलेजात वर्षभर इंटर्नशिप, की पोरगा डॉक्टर. वही भरत गेली तशी ती पहिली ओळ सगळ्यांत लहान ठरली. या टप्प्यावर पैसा जातो तो थांबण्यात.

आधी कॅलेंडर मांडा. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची एफएमजीई परीक्षा एनबीईएमएस हे राष्ट्रीय वैद्यक परीक्षा मंडळ वर्षातून दोनदा घेतं. जून सत्राला बसायचं तर पदवीचा निकाल ३० एप्रिलपर्यंत लागलेला हवा, डिसेंबर सत्राला ३१ ऑक्टोबरपर्यंत. ज्याचा कोर्स जूनमध्ये संपतो, त्याचं जून सत्र हुकतंच. डिसेंबर सत्राची परीक्षाही पुढं सरकू शकते. २०२४ची १२ जानेवारी २०२५ला झाली. पुढं निकाल, प्रमाणपत्र, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी. म्हणजे घरी आल्यापासून वॉर्डात उभं राहीपर्यंत नऊ-दहा महिने धरून चाला, तेही पहिल्या फटक्यात पास झालं तर. पेपर ३०० प्रश्नांचा, पास व्हायला १५० गुण, चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. तरी अलीकडच्या परीक्षांत दहातले दोन-तीनच पास होताहेत. म्हणून दुसऱ्या प्रयत्नाचे पैसे सुरुवातीलाच बाजूला काढा. त्यात पोरावर अविश्वास कसला?

आता हिशेब. समजा कर्ज १५ लाखांचं, व्याज १० टक्के. महिन्याला नुसतं व्याज १२,५०० रुपये. शैक्षणिक कर्जात हप्ते साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभरानं सुरू होतात, पण व्याज त्याआधीही चढत असतं. एक प्रयत्न हुकला की सहा महिने गेले: व्याजाचे ७५ हजार, खोली-मेसचे महिना सहा हजार धरले तर ३६ हजार, आणि पुन्हा फी. सव्वा लाखाला थोडेच कमी. पोरगा उतरला त्याच आठवड्यात बँकेत जा, हप्ता नेमका कोणत्या महिन्यापासून ते लेखी घ्या आणि मुदत वाढवून मिळेल का ते तेव्हाच विचारा. पहिला हप्ता थकल्यावर गेलं की बोलणी अवघड होतात.

अभ्यासासाठी दिल्लीला खोली घ्यायची घाई करू नका. या परीक्षेची शिकवणी आता बरीचशी ऑनलाइन मिळते. लागते ती शांत जागा, आणि ती लातुरात आहे. नीटच्या पोरांमुळं तिथं गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्यात. आम्ही चौकशी केली तेव्हा महिन्याला सातशे ते हजार सांगत होते. दोघांत खोली माणशी अडीच-तीन हजार, दोन वेळची मेस तितकीच. जूनमध्ये नवी पोरं आली की भाव चढतात, तेव्हा मार्च-एप्रिलमध्येच खोली बघा.

कागदपत्रांवर मात्र जीव लावा. पदवीवर अपोस्टील, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन, किंवा तिथल्या भारतीय दूतावासाचं साक्षांकन लागतं. अपोस्टील ज्या देशाची पदवी, त्याच देशात होतं. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला परदेशी पदवीवर ते करता येत नाही. पोरगा तिथं असतानाच उरकलं तर स्वस्त. एकदा परतला की तिथल्या कुणाला तरी पैसे देऊन करून घ्यावं लागतं. दुसरं, नावाचं स्पेलिंग. तिथल्या रशियन लिपीत आपला 'ह' नाही, त्याच्या जागी बहुधा 'ख' येतो. जाधवचा तिकडं जादखाव होतो आणि इंग्रजी भाषांतरात तो तसाच उतरतो. भाच्याच्या गुणपत्रकावर वडिलांचं नाव एका अक्षरानं वेगळं आलं होतं. त्यानं ते निघायच्या चार दिवस आधी, हॉस्टेलच्या खोलीत पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहिलं, म्हणून तिथंच दुरुस्त झालं. पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के, नीटचा निकाल, व्हिसाची पानं, सगळं एका फाइलीत ठेवा. जुना पासपोर्ट टाकू नका.

ज्यांनी १८ नोव्हेंबर २०२१ नंतर प्रवेश घेतला, त्यांना किमान ५४ महिन्यांचा कोर्स, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि शिवाय भारतात आणखी १२ महिने, असा नियम आहे. दोन्ही वर्षं खर्चात धरा. आणि कोर्स अर्धवट टाकून इथल्या एमबीबीएसला मधल्या वर्षात शिरता येत नाही. २०२२ला युक्रेनमधून परतलेल्या पोरांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनही तो दरवाजा उघडला नाही.

पास झाल्यावर प्रमाणपत्रासाठी भाच्याला मूळ कागद घेऊन दिल्लीत एनबीईएमएसच्या द्वारकेच्या कार्यालयात स्वतः जावं लागलं. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस थेट जाते, स्लीपरचं तिकीट हजाराच्या आत. कौन्सिलचं काम मुंबईचं. लातूरकरांना रात्रीची लातूर-मुंबई, नांदेडकरांना देवगिरी किंवा नंदीग्राम सोयीची.

इंटर्नशिपसाठी कॉलेजनं पैसे घ्यायचे नाहीत, हे राष्ट्रीय वैद्यक आयोगानं मार्च २०२२च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितलंय. इथल्या विद्यार्थ्यांइतकंच विद्यावेतन द्यावं, हेही त्यातच आहे. प्रत्येक कॉलेजात या मुलांसाठी जास्तीत जास्त साडेसात टक्के जागा. तरी एका मध्यस्थानं बहिणीकडं 'नांदेडची सीट' म्हणून ऐंशी हजार मागितले. ती द्यायला निघाली होती. परिपत्रकाची प्रत हातात ठेवली तेव्हा थांबली. असा फोन आला तर मागणी लेखी द्या म्हणा, पुन्हा फोन येत नाही. हॉस्टेल मिळेलच असं मात्र नाही. नांदेडचं शासकीय महाविद्यालय विष्णुपुरीला, शहराबाहेर आहे. रात्रपाळी असते, म्हणून खोली तिकडंच घ्या. पहिलं विद्यावेतन हातात पडायला वेळ लागू शकतो, दोन महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवा. ग्रामीण केंद्रावरची ड्यूटी लागली की एसटीचं भाडं वेगळं.

आणि एक तयारी बिनपैशाची. सहा वर्षं पुस्तक इंग्रजीत, पेशंट रशियन बोलणारा. इथं ओपीडीत किनवटची आजी सांगते, 'पोटात गुबारा धरलाय, छातीत चमक निघती.' देगलूर-धर्माबादकडून येणारा एखादा तेलुगूत बोलतो. भाच्यानं पहिल्या आठवड्यात ऐकलेले असे शब्द एका खिशातल्या डायरीत लिहून काढले, समोर त्यांचा अर्थ, आणि रोज संध्याकाळी आपल्या आजीला फोन लावून तो विचारायचा, "आज्जी, उमासे म्हणजे उलटी, का नुसती मळमळ?"