दिव्याचा कर आणि दिवा

आमच्या साक्षरता वर्गात एक आजी येतात. वय सत्तरीच्या पुढे. पहिले काही महिने त्या नुसते आपले नाव गिरवीत होत्या. एके दिवशी त्यांनी कनवटीतून घडी केलेला एक कागद काढला. म्हणाल्या, "हे घरपट्टीचं बिल. दरसाल येतं नि दरसाल पोरगा भरतो. आज मीच वाचते. तुम्ही ऐका."

आजी बोट ठेवून वाचू लागल्या. घरपट्टी. पाणीपट्टी. वृक्ष कर. दिवाबत्ती कर. इथे बोट थांबले.

"म्हंजे आपण दिव्याचे पैसे देतो?"

"हो, देतो."

"मग आमच्या आळीत दिवा कुठं आहे?"

वर्गात कोणी बोलेना. आम्हांलाही उत्तर ठाऊक नव्हते. मग ते शोधायला आम्ही सारे मिळून निघालो. कसे शोधले, तेच या पाठात सांगतो.

ग्रामसभा गेली, हक्क गेला नाही

आमचे गाव तालुक्याचे. पूर्वी तिथे ग्रामपंचायत होती. २०१४ साली सरकारने तालुक्याच्या गावी नगरपंचायती करण्याचे ठरवले. त्यानंतर आमच्याकडेही नगरपंचायत आली. सरपंचांच्या जागी नगराध्यक्ष आले. कारभार पाहायला मुख्याधिकारी आले.

ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभा भरे. कोणीही उभे राहून विचारी, "सरपंच, विहिरीचा गाळ काढायला किती पैसे लागले?" नगरपंचायतीत ग्रामसभा नसते. म्हणून पुष्कळांना वाटते, आता विचारायचे दारच बंद झाले. तसे नाही. पूर्वी तोंडाने विचारीत होतो. आता वाचून आणि लिहून विचारायचे. अक्षर शिकलो ते याच कामासाठी.

पैसा कुठून येतो?

नगरपंचायतीची जमा कोणती? घरांवरचा आणि दुकानांवरचा कर. पाणीपट्टी. आठवड्याच्या बाजाराची फी. गाळ्यांचे भाडे. पूर्वी शहरांच्या वेशीवर जकात घेत. ती हळूहळू बंद होत गेली. २०१७ साली जीएसटी आला, तेव्हा मुंबईतली जकातही संपली. लहान गावांची नगरपंचायत आता सरकारच्या अनुदानावर पुष्कळ अवलंबून असते.

पण अनुदान म्हणजे तरी काय? आपण साबणाची वडी घेतो, चपला घेतो. त्यांच्या किमतीत कर असतोच. तोच पैसा फिरून आपल्या गावी येतो. म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा. कचेरीतला पैसा कोणाच्या घरचा नाही. तो आपला आहे.

ठरवलेले आणि झालेले

दरवर्षी नगरपंचायत पुढच्या वर्षाचा जमाखर्च आधी मांडते. त्याला अंदाजपत्रक म्हणतात. हे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते.

पेरणीआधी आपणही मनाशी मांडणी करतो. बियाण्याला इतके, खताला इतके, पोरीच्या वह्यांना इतके. दिवाळीला पाहावे, तर वह्या राहूनच गेलेल्या! ठरवलेले वेगळे, झालेले वेगळे. नगरपंचायतीचेही असेच होते. एखाद्या कामासाठी जे पैसे ठरवून ठेवतात, ती तरतूद. जे खरोखर वापरले जातात, तो खर्च.

अंदाजपत्रकात एकाच कामासमोर अनेक आकडे दिसतात. ते पाहून घाबरू नका. मागच्या वर्षी किती खर्च झाला, चालू वर्षी किती होईल आणि पुढच्या वर्षासाठी किती धरला आहे, हे शोधा. समजा, गटारांसाठी १०० रुपये धरले आणि ४० च खर्च झाले. मग विचारा, बाकीचे ६० कुठे वळवले? समजा, १०० चे १०० खर्च झाले. मग गटार पाहून या. आकडा कागदावर असतो, काम जमिनीवर असते. दोन्ही पाहावे लागते.

आम्ही कचेरीत गेलो

आम्ही पाचसहा जण कचेरीत गेलो. कारकून म्हणाले, "हिशेब पाहून तुम्हांला काय कळणार?"

आजी म्हणाल्या, "दाखवा तर खरं. कळतं का नाही, ते आमचं आम्ही बघू."

त्या दिवशी कागद मिळाला नाही. मग आम्ही माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. हा कायदा २००५ साली झाला. साध्या कागदावर अर्ज लिहायचा. त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फीचे तिकीट लावायचे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला फी नाही, पण तसा दाखला जोडावा लागतो. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. न आले, तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

आम्ही तीनच गोष्टी मागितल्या. दिवाबत्तीची तरतूद किती? खर्च किती? दिव्यांच्या खांबांची यादी कुठे आहे?

महिना भरायच्या आत उत्तर आले. तरतुदीचे सगळे पैसे खर्च झाले होते. यादीत आजींच्या आळीतले दोन खांब होते. पुढे लिहिले होते, 'दिवा चालू'.

आजी म्हणाल्या, "कागदावर उजेड आणि आळीत अंधार!"

एका संध्याकाळी आम्ही ती यादी घेऊन गावभर फिरलो. जिथे दिवा बंद, तिथे फुली मारली. अकरा फुल्या झाल्या. खांबांचे नंबर लिहून अर्ज दिला. अर्जाच्या नकलेवर पोच घेतली. आमच्या नगरसेवकांनाही यादी दाखवली. ते म्हणाले, "हे मलाही ठाऊक नव्हतं." पंधरा दिवसांत नऊ दिवे लागले. दोन अजून लागले नाहीत. त्यांचा अर्ज आम्ही पुन्हा दिला आहे.

हा प्रश्न नवा नाही

हिशेब मागितला, की काही जण म्हणतात, "कशाला भांडण उकरून काढता?" त्यांना जोतीराव फुल्यांची गोष्ट सांगा. १८७६ साली ते पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. १८८० साली इंग्रजांचे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करावे, असे ठरत होते. जोतीराव म्हणाले, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. मत देताना ते एकटे पडले. तरी त्यांनी विरोधात मत दिले. लोकांचा पैसा लोकांच्या कामी यावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आजींचेही तेच म्हणणे आहे.

उद्याचे गाव

हिशेब मागच्या कामाचा मागायचा, तसा पुढच्या कामाचाही. नगरपंचायत गावाचा विकास आराखडा करते. उद्या रस्ता कुठून जाईल, शाळा, बाग, कचऱ्याची जागा कुठे असेल, हे त्या नकाशात दाखवतात. कोणाच्या शेतातून रस्ता दाखवला आहे, तेही त्यातच कळते. कच्चा आराखडा लोकांपुढे ठेवतात आणि ठरावीक मुदतीत हरकती मागवतात. तेव्हाच जाऊन आपला गट नंबर शोधा. हरकत असेल, तर लेखी द्या. मुदत टळल्यावर हळहळून उपयोग नाही.

नव्या कामाचा नारळ फुटला, की दोन प्रश्न विचारा. याची तरतूद कुठे आहे? आणि पुढे हे चालवायला दरसाल पैसा कोण देणार? बाग केली तर माळी लागतो. पाण्याची टाकी बांधली तर पंपाचे वीजबिल येते. बैल घेताना आपण वैरणीचाही विचार करतो, तसेच हे.

तुमच्या गावात ग्रामपंचायत असेल, तर तुमचे काम सोपे आहे. वर्षाला निदान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. तिथे जा, बसा आणि विचारा.

आजींच्या आळीत आता दिवा आहे. रात्री त्या ओट्यावर बसून त्या उजेडात वाचतात. परवा म्हणाल्या, "आता पाणीपट्टीचं बघायचं आहे."

कठीण शब्द

तरतूद – एखाद्या कामासाठी आधी ठरवून ठेवलेला पैसा.
अनुदान – सरकारकडून मिळणारी रक्कम.
हरकत – आपले विरोधाचे म्हणणे.
पोच – कागद मिळाल्याची सही व शिक्का.

सांगा पाहू

१. तरतूद आणि खर्च यांत फरक काय?
२. दिव्यांची यादी मिळाल्यावर गावभर का फिरावे लागले?
३. तुमच्या घरपट्टीच्या बिलात कोणकोणते कर आहेत? घरी जाऊन वाचा आणि पाटीवर लिहून आणा.