छोटूच्या ताटातली पोळी

आगाशी,
घटस्थापनेचा दुसरा दिवस

चि. बंड्या,


काल वहिनीचा फोन आला. उपवासाला काय केलं, आज कुठल्या फुलांची माळ, एवढं झाल्यावर सहज सांगावं तसं म्हणाली, "छोटूचं पोट उतरलं हो. विसर्जनापासून पोळी, पाव, बिस्किट सगळं बंद केलंय. आता ती रक्ताची तपासणी नको म्हणतो बंड्या." मी तिचा फोन ठेवला आणि तुला लावला. तू कट केलास. पुन्हा लावला तर 'हो आत्या, हो आत्या' करत लोकलच्या गर्दीत गडप झालास. म्हणून लिहिते. कागद कट करता येत नाही.

गहू कुणाला विचारून थांबवलास? तुमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या बहिणीच्या मुलाला फरक पडला म्हणून? त्या बाईंचा हेतू चांगला असेल. पण डॉक्टरांनी सिलिअ‍ॅकची शंका घेतली आहे, आणि त्या आजाराच्या तपासणीआधी नेमकी हीच एक गोष्ट करायची नसते. गव्हातलं ग्लुटेन पोटात जातं म्हणून या आजारात तपासणीत शोधतात ती प्रतिपिंडं रक्तात तयार होतात. गहू थांबला की ती हळूहळू उतरतात. आतड्याच्या आत मखमलीसारखी बारीक लव असते, ती या आजारात झडते. गहू थांबल्यावर तीही पुन्हा उगवू लागते. मग चार-सहा महिन्यांनी तुला बुद्धी सुचेल, तू रक्त देशील आणि रिपोर्ट नॉर्मल येईलही. त्या नॉर्मलवर पेढे वाटाल आणि पोराला पुन्हा पोळी सुरू कराल.

वहिनीने डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मला चिठ्ठी मिळाली तेव्हाच पाठवला होता. टीटीजी आयजीए आणि टोटल आयजीए. दुसरी तपासणी पैसे काढायला लिहिली आहे असं तू म्हणालास म्हणे. अरे, काही मुलांच्या अंगात आयजीए मुळातच कमी असतं. अशा मुलाला आजार असला तरी पहिली तपासणी काही नाही म्हणून सांगते. ते ओळखायला दुसरी.

पोट उतरलं ते खरं, मी नाही म्हणत नाही. पण कशाने उतरलं? तुमच्याकडे निम्मे दिवस टँकरचं पाणी. त्यातल्या जिआर्डिया परजीवीची बाधा झालेल्या मुलाचंही पोट असंच फुगतं, शी पातळ, तेलकट, घाण वासाची होते. अंगणवाडीतल्या जंताच्या गोळीने जंत जातात, पण एवढ्याने जिआर्डिया जाईलच असं नाही. शीची तपासणी तरी केलीस का? डायपरवरचं खरवडून दिलेलं चालत नाही. पॉटमध्ये स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, लघवी मिसळू द्यायची नाही, लॅबच्या डबीतल्या चमच्याने घ्यायचं आणि लगेच नेऊन द्यायचं. डॉक्टर दोन-तीन दिवसांचे वेगवेगळे नमुने मागतील, तर कुरकुर करू नकोस. जिआर्डिया एका दिवसाच्या नमुन्यात हुलकावणी देतो.

वहिनी रोज त्याला केळी भरवते आणि म्हणते केळ्याने गुण आला. आपण वसईकर, केळ्यांना नावं कोण ठेवील! पण ऐक. न्यूयॉर्कला सिडनी हास नावाचे मुलांचे डॉक्टर होते. त्यांनी १९२४ साली अशीच हडकलेली, फुगल्या पोटाची मुलं केळ्यांच्या आहारावर बरी केली. नाव मोठं झालं, जिकडेतिकडे केळ्यांचं पथ्य सुरू झालं. गुण केळ्यांचा नव्हता. त्या पथ्यात पाव आणि धान्यं बंद होती, त्याचा होता. पण हास समजले, केळ्यांनी मूल कायमचं बरं होतं. मग पाव सुरू करायला हरकत नाही. पाव सुरू झाला की आजार परत. गव्हाचा दोष सिद्ध करायला हॉलंडचे डॉक्टर डिक यावे लागले. १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे उपासमार होती, पाव मिळेनासा झाला, आणि त्यांची हीच आजारी मुलं सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा ढासळली. तू आज हास यांच्या जागी उभा आहेस. पोर सुधारलं, कशाने ते माहीत नाही.

आणि आजार ठरलाच तर गव्हाचं पथ्य महिन्या-दोन महिन्यांचं नाही, जन्माचं आहे. चिमूटभरही चालत नाही. गिरणीत आधी गहू दळला असेल तर त्याच जात्यावरचं तांदळाचं पीठसुद्धा चालत नाही. शाळेतल्या वाढदिवसाचा केक, लग्नाच्या पंगतीतली पुरी, पुढे कॉलेजच्या कँटीनमधला वडापाव. बाराव्या-तेराव्या वर्षी तो विचारेल, "बाबा, मी का नाही खायचं?" तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं नाव सांगणार आहेस? आजार असेलच तर तुझी आणि सूनबाईचीही तपासणी करावी लागते, कारण रक्ताच्या जवळच्या नात्यात दहातल्या एखाद्याला तो सापडतो. आणि नसेल, तर पोराची पोळी उगाच का तोडायची?

माझ्या धाकट्या भावाचं तुला माहीत असेल. तुझ्या बाबांनी सांगितलं असेल, पण दादा फार बोलायचा नाही त्याविषयी. अंगणात उभा राहिला की हातपाय काड्यांचे आणि पोट पुढे. सदरा खांद्यावरून घसरायचा आणि पोटावर बटण लागायचं नाही. मुडदूस म्हणाले सगळे. बाळहिरडा उगाळला, डिकेमाली झाली, काळा दोरा झाला, दृष्ट तर रोजची. आणि अशक्त म्हणून आम्हा सगळ्यांत त्याला एकट्याला बेकरीचा पाव, दुधात बुडवून. आम्ही आपले तांदळाची भाकरी आणि सुकट खाऊन शाळेत. मला त्या पावाचा इतका हेवा वाटायचा, की एकदा चोरून खाल्ला आणि आईच्या हातचं उलथनं खाल्लं. दुसऱ्या दिवशी त्याने आपला अर्धा पाव माझ्या दप्तरात ठेवला होता. पाचवं पुरं व्हायच्या आत गेला. पुढे मुलांच्या वॉर्डात नर्स झाले, तिथे पहिल्यांदा सिलिअ‍ॅकचं मूल पाहिलं, तेव्हा ड्यूटीवर असताना मोरीत जाऊन उभी राहिले. तेच होतं का? मला माहीत नाही. कधीच कळणार नाही, कारण कुणी तपासलंच नाही. त्या काळी आपल्याकडे कोण तपासणार होतं? तुझ्या हातात चिठ्ठी आहे, बंड्या.

आता नळीविषयी, म्हणजे रक्तात काही निघालं तर पुढे करतात त्या तपासणीविषयी. तुमच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं ना, की एंडोस्कोपीने पोर कायमचं अधू होतं? वॉर्डात अशी मुलं मी कितीतरी सांभाळली. भूल देतात, बारीक नळी तोंडातून खाली नेतात, लहान आतड्याच्या सुरुवातीचे एक-दोन मिलिमीटरचे तुकडे काढतात. अर्ध्या तासाच्या आत आटपतं. मूल शुद्धीवर येऊन आधी आईला शोधतं आणि मग भूक लागली म्हणून रडतं. बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी जातात. भुलीची भीती वाटते हे मला मान्य आहे. ती भूलतज्ज्ञाला तोंडावर विचार, सर्दी-खोकला असेल तर सांग, ते तारीख पुढे ढकलतात. कधी टीटीजीचा आकडा नॉर्मल मर्यादेच्या दहापटीच्या वर असतो, तेव्हा काही डॉक्टर दुसऱ्या रक्ततपासणीवरच निदान करतात आणि नळी टळते. पण त्यासाठी सुद्धा रक्त आधी द्यायला हवं ना!

तेव्हा एवढं कर. उद्या डॉक्टरांना फोन लाव आणि विसर्जनापासून गहू बंद आहे हे लपवू नकोस. ते म्हणतील लगेच रक्त द्या, किंवा म्हणतील पोळी सुरू करा आणि काही आठवड्यांनी या. अजून फार दिवस गेलेले नाहीत. तपासण्या पुऱ्या होईपर्यंत छोटूच्या ताटातली पोळी त्यांनाच ठरवू दे. परळला वाडियात दाखवायचं असेल तर तिथे रांग मोठी असते, विरारहून पहाटेची गाडी धर.

सुई दुखणार नाही असं त्याला सांगू नकोस. दुखेल, आणि पुढच्या वेळी तो तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही. "थोडं दुखेल, मी धरतो," म्हण आणि मांडीवर घे.

फार ओरडले का रे? चार वर्षांचं पोर साडेबारा किलोवर अडकलेलं पाहून तुझी झोप उडाली आहे, हे वहिनीने सांगितलं. १६च्या आसपास हवं, हे तू रात्री मोबाईलवर बघत बसतोस, हेही सांगितलं. आणि पहिल्यांदा त्याचं पोट मऊ लागलं तेव्हा पुन्हा कशाला दुखवायचं असं वाटलं असेल. मला समजतं. वहिनी सूनबाईच्या नोकरीवर घसरली तर मात्र गप्प बसू नकोस. आईने घरी राहून असले आजार टळत नाहीत. ते पोर तिच्याच कुशीत रात्री कळवळतं.

तारीख ठरली की मला सांग. मी आदल्या दिवशी विरारला येते. सूनबाईला म्हणावं, त्या दिवशी स्वयंपाकाला हात लावायचा नाही. आणि तू रात्री नीट जेवत जा. साडेदहाला येतोस आणि छोटूचा उरलेला वरणभात खाऊन झोपतोस म्हणे. दादाचीही हीच खोड होती.

तुझी,
आत्या

ता. क. हिंगाच्या डबीवर काय लिहिलंय ते वाच. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. म्हणजे वहिनीच्या रोजच्या फोडणीतून थोडा गहू जातच होता, आणि तुमचं कडक पथ्य काही फार कडक नव्हतं. आजच्या दिवसात मला बरं वाटलं ते एवढंच.